पान सुटण्याआधीचा सत्कार

सत्काराची बातमी सत्कार होण्याआधी लिहिली जाते, हे वाचकाला सहसा माहीत नसतं. माहीत असण्याचं कारणही नाही. तो सकाळी चहासोबत पेपर उघडतो, शाल-श्रीफळ घेतलेल्या माणसाची चार ओळींची बातमी वाचतो आणि पान उलटतो. ती बातमी काल दुपारी तीन वाजता, निमंत्रणपत्रिका समोर ठेवून, रिकाम्या कार्यालयात लिहिली गेली आहे, अशी शंका त्याला येत नाही.

मी परभणीत एका विभागीय दैनिकाचा जिल्हा वार्ताहर म्हणून निवृत्त झालो. आमचं जिल्ह्याचं पान दुसऱ्या शहरात छापलं जायचं. लांबच्या तालुक्यांना सकाळच्या पहिल्या गाडीने अंक मिळायचा तर पान संध्याकाळी पाचला छपाईसाठी सुटणं भाग होतं. आम्ही त्याला डाक आवृत्ती म्हणत असू. सत्कार मात्र सहाला ठेवतात आणि पाहुणे सातला येतात. म्हणजे बातमी एक दिवस शिळी छापायची, नाहीतर पत्रिकेवरून आधीच लिहून मोकळं व्हायचं. सगळेच आधी लिहीत. मजकूर ठरलेला असे: शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह देऊन सत्कार करण्यात आला, यावेळी मान्यवर उपस्थित होते. नावं तेवढी बदलायची.

यातून गमती होत. एकदा प्रमुख पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत. आमच्या पेपरात मात्र त्यांनी तरुणांना मार्गदर्शन केलं. मी घाबरून दुसऱ्या दिवशी फोनची वाट पाहत बसलो. फोन आला, तो पाहुण्यांचाच, आभार मानायला. भाषण चांगलं झालं होतं म्हणाले. एक निवृत्त मुख्याध्यापक आपलं नाव खजिनदारानंतर छापलं म्हणून कार्यालयात आले, दोन कप चहा घेतला आणि नावांचा योग्य क्रम स्वतःच्या अक्षरात लिहून देऊन गेले. पुढच्या वेळी काळजी घ्यावी, असं खाली लिहिलं होतं. तो कागद मी बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

हे मी बैठकीत रंगवून सांगत असे. एका हिवाळ्यानंतर सांगणं बंद केलं. त्याचं कारण आता लिहितो. मुलीचं नाव बदललं आहे. तिला वैशाली म्हणू. कॉलेज, रुग्णालय आणि पोलीस ठाण्याची नावं देत नाही.

वैशाली पालम तालुक्यातल्या एका खेड्यातली. घर मेंढपाळाचं. वडील, बापू, सुगी झाली की कळप घेऊन निघत आणि शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवत मुक्काम हलवत राहत. मुलगी परभणीत होस्टेलला राहून बी.ए. करत होती. वर्गातल्या मुलांपेक्षाही उंच. कॉलेजचे क्रीडाशिक्षक जाधव सरांनी तिला प्रवेशाच्या रांगेतच हेरलं आणि बास्केटबॉलच्या मैदानावर उभं केलं. मैदान म्हणजे मुरमाचं, एका बाजूच्या रिंगला जाळी नसलेलं.

त्या वर्षीचा तिचा खेळ मी पाहिला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे सामने परभणीतच होते आणि खेळाचं पान माझ्याकडेच होतं. रिंगवरून उसळलेला चेंडू सगळ्यांच्या हातांवरून काढायचा, हे तिचं काम. दोन्ही कोपरं बाहेर काढून, गुडघे किंचित वाकवून ती रिंगखाली अशी उभी राही की मागून कुणाला पुढे येता येत नसे. हे कुठे शिकलीस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, मेंढ्या आत घेताना मेंढवाड्याच्या तोंडाशी असंच उभं राहावं लागतं, नाहीतर सगळ्या एकदम घुसतात. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या एवढ्याशा कॉलेजचा संघ पहिल्यांदा अंतिम सामना जिंकला आणि वैशालीची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. पुढे राज्यपातळीवर जाईल, असं बाहेरून आलेले पंच सांगत होते.

बापूंना खेळ कळत नव्हता. एकदा पोरीने त्यांना सामना दाखवायला आणलं, तर शेवटी त्यांनी जाधव सरांना विचारलं, "त्या टोपल्याला बूडच न्हाई. टाकलेलं खालीच पडायलंय. मंग टाकायचं कामून?" सर पुढे वर्षभर हे सांगून हसत असत.

कॉलेजने जानेवारीत तिचा सत्कार ठरवला. शनिवारी संध्याकाळी सहाला, सभागृहात. वैशाली दोन दिवस आधी आईला आणायला गावी गेली. जाता जाता पेडगावच्या शिवारात बापूंचा कळप होता, तिथे वाट वाकडी करून जाऊन आली. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. बापू म्हणाले, मी येऊन काय करू, तू घे शाल. आईलाही घरच्या शेरडांमुळे निघता आलं नाही. शनिवारी सकाळी मुलगी एकटीच परत निघाली. हे सगळं मला नंतर कळलं.

शनिवारी तीन वाजता मी बातमी लिहिली. अंतिम सामन्यातला तिचा फोटो माझ्याकडे होता, चेंडू हातात, चेहरा स्पष्ट. पाठवून दिला. चार वाजता रोजच्याप्रमाणे पोलीस ठाण्यांना फोन केले. एका ठाण्याच्या अंमलदाराने सांगितलं, दुपारी काळीपिवळी जीप वळणावर उलटली, पाच जखमी, चालक पळाला. चौघांची नावं दिली. पाचवी तरुणी, शुद्धीवर नाही, ओळख पटायची आहे. मी वय विचारलं. तो म्हणाला, असेल वीसेक. आणि मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पोरगी लय लांब हाय, साहेब. कॉटच्या भायेर पाय यायलेत."

हे वाक्य मी वहीत उतरवलं. सवय होती, ऐकलेलं सगळं उतरवायचं. बातमीत घेतलं नाही. एक कॉलमी बातमीला आठ ओळींची जागा होती आणि त्यात पाय बसत नव्हते.

सहाला सभागृहात गेलो. मंचावर पाच खुर्च्या, वैशालीची रिकामी. सव्वासहाला पाहुणे येऊन बसले, तरी ती रिकामीच. जाधव सर मंचामागे फोन लावत होते; तिचा फोन बंद. ते मला म्हणाले, बापाकडे गेली असेल, आला नाही म्हणून रुसून तिथेच बसली असेल, पोरगी हट्टी आहे. शेवटी मुलीच्या वतीने शाल आणि स्मृतिचिन्ह त्यांनीच स्वीकारलं. टाळ्या झाल्या.

इथे मी नेमकं लिहिलं पाहिजे. पान पाचला सुटलेलं असलं तरी साडेसहापर्यंत डेस्कला फोन करून एखादी ओळ बदलता येत असे. मला ते माहीत होतं. घड्याळात सहा पंचवीस झाले होते तेव्हा मी फोन हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. बदल सांगायचा तर उपसंपादक विचारणार, बातमी पाठवली तेव्हा कार्यक्रम झाला नव्हता का. सगळेच तसं करत, पण कुणी तसं बोलत नसे. शाल तिला उद्या मिळेल, मग काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मला पानाची काळजी वाटली, मुलीची वाटली नाही. वहीतलं वाक्य तेव्हा माझ्या खिशातच होतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयाच्या दारात बापू उभे होते. डोक्याला पटका, खांद्यावर घडी घातलेली नवी घोंगडी, हातात चार घड्या केलेला आमचा पेपर. पेडगावच्या हॉटेलात कुणीतरी त्यांना बातमी वाचून दाखवली होती. लेकीने शाल घेतली आणि आपण गेलो नाही, हे त्यांना लागलं. कळप भावाच्या हवाली करून, लेकीसाठी विणून घेतलेली घोंगडी घेऊन ते होस्टेलवर गेले. रेक्टरबाई म्हणाल्या, ती आलेलीच नाही, आम्हाला वाटलं तुमच्याकडे आहे. जाधव सरांचा फोन लागला, तेही तेच म्हणाले. गावाकडे आईला वाटत होतं पोरगी परभणीत आहे, कारण शेजाऱ्याच्या मोबाईलवर बातमी आली होती. सगळे निवांत होते. घरच्यांकडे निवांत राहायला एकच आधार होता, माझी बातमी.

बापूंनी पेपर माझ्या टेबलावर पसरला आणि फोटोवर बोट ठेवलं.

"हे तुमी लिवलंय न्हवं, साहेब?"

मी हो म्हटलं.

"मंग तुमी बघितली आसंल. शाल घेतल्यावर कुणासंगं गेली?"

मी म्हणालो, मी तिला पाहिलं नाही. ती आली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. हिशेब लागत नाही तेव्हा माणूस पाहतो तसं.

"मंग हे कुणी बघितलं?"

तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं. मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खाली पेपरकडे पाहू लागलो, कारण दुसरीकडे पाहता येत नव्हतं. त्यांचं बोट फोटोवर होतं. बोटाच्या बरोबर खाली, त्याच पानावर, एक कॉलमी बातमी होती: जीप उलटून पाच जखमी, अनोळखी तरुणीची प्रकृती चिंताजनक. दोन्ही बातम्या माझ्याच. पान लावणाऱ्याने जागा मिळाली तशा एकाखाली एक लावल्या होत्या.

वही काढायची गरज नव्हती. वाक्य आठवत होतं. तरी मी वही काढली आणि वाचलं, कारण चुकीचं आठवत असावं अशी माझी इच्छा होती.

बापूंना मी लगेच काही सांगितलं नाही. बसा म्हणालो, पाणी दिलं, आणि आत जाऊन रुग्णालयात फोन लावला. तो तीन वेळा वाजून बंद झाला. चौथ्यांदा एका सिस्टरने उचलला. मी कालच्या अपघातातल्या मुलीबद्दल विचारलं. आहे, म्हणाली. शुद्ध येते-जाते, नाव सांगत नाही. पायाला मोठं फ्रॅक्चर आहे, पाय काळा पडायला लागलाय, मोठ्या दवाखान्यात हलवायला पाहिजे, पण सोबत कुणी नाही, सही कोण करणार. मी म्हणालो, आजचा पेपर तुमच्याकडे आहे का, त्यात एका खेळाडू मुलीचा फोटो आहे.

पलीकडे पेपरची घडी उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सकाळीच बघितला. मी डॉक्टरांना म्हणले बी, ही तीच दिसायलीय. मग खाली वाचलं. तुमची पोरगी काल संध्याकाळी स्टेजवर सत्कार घ्यायलीय, आमची दुपारी अडीचला आलीय. म्हणून पेपर बाजूला ठेवला."

मी सकाळी किती वाजता, असं विचारलं. सातला, म्हणाली. घड्याळात साडेदहा झाले होते.

मी तिला सांगितलं, ती तीच आहे. बातमी चुकीची आहे. वडील माझ्याजवळ आहेत, आम्ही निघतो, तुम्ही हलवायची तयारी करा. बातमी चुकीची आहे हे तिला दोनदा सांगावं लागलं. छापलेलं चुकीचं असतं यावर तिचा पटकन विश्वास बसेना.

बापूंना मोटारसायकलवर मागे घेतलं. लेक अपघातात सापडली आहे, दवाखान्यात आहे, एवढंच सांगितलं. पायाचं सांगितलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन फोटो मागण्याचं काम मी अनेकदा केलं आहे. दारात काय बोलायचं ते मला येतं. मागे बसलेल्या माणसाशी काय बोलायचं ते येत नव्हतं. पिंगळीजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, हळू, संपता संपत नव्हती. मी इंजिन बंद केलं तेव्हा मागून पुटपुटणं ऐकू आलं. बापू डबे मोजत होते. कळपाच्या माणसाची सवय. समोरून काही जायला लागलं की मोजायचं. चाळिसाच्या आसपास त्यांचं मोजणं थांबलं. डबे अजून जात होते.

"फोनवर काय म्हनले, साहेब? जित्ती हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो.

"तुमी बघितल्यावानी सांगू नका. त्यांनी काय म्हनलं ते सांगा."

मी सिस्टरचे शब्द, पायाचे धरून, जसेच्या तसे सांगितले. फाटक उघडलं. मी गाडी सुरू केली. उरलेल्या रस्त्यात एकच हिशेब मनात फिरत होता: काल सहा पंचवीस ते आज साडेदहा. त्या तासांत पायाचं काय होतं ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची भीती वाटत होती. रुग्णालयाचं फाटक दिसलं तेव्हा मी वेग कमी केला. लवकर पोचावं असं वाटत होतं आणि पोचूच नये असंही.

वैशाली कोपऱ्यातल्या कॉटवर होती. डोक्याला पट्टी. पावलं खरंच कॉटच्या बाहेर आली होती, एक गोरटं, एक जांभळं. बापूंनी आधी ती पावलं पाहिली, मग चेहरा. घोंगडीची घडी मोडली आणि गुडघ्यापर्यंत न ओढता, फक्त बाहेर आलेल्या पावलांवर हलकेच टाकली. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बापू, मेंढ्या कुणाकडं हायत?" सिस्टर अंगठ्याच्या शाईची डबी घेऊन आली.

अर्ध्या तासात रुग्णवाहिका नांदेडकडे निघाली. पाय वाचला. घोट्यातली हालचाल परत आली नाही. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, असं मी तिथल्या सर्जनना विचारलं. ते म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. मी त्यांना आणखी दोनदा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं. मी ते उत्तर अजून वापरतो.

तिची बॅग पोलीस ठाण्याच्या आवारात इतर सामानात तीन दिवस पडून होती. आत फुटलेला फोन आणि इस्त्री केलेला कॉलेजचा ब्लेझर.

दुसऱ्या आठवड्यात मी नांदेडला गेलो. माफी मागण्यासाठी गेलो होतो, पण आधी तिनेच तो अंक मागितला. माझ्याकडे होता. तिने सत्काराची बातमी वाचली, मग बोट खाली नेऊन दुसरी वाचली. मग बोट परत वर नेलं.

"वरची बी मीच, खालची बी मीच," ती म्हणाली. "वरची लय मजेत हाय, सर."

मी माझ्याकडून काय झालं ते सगळं सांगितलं, फोन खिशात ठेवला तोही भाग. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. पेपरमध्ये चार ओळी आल्या होत्या: अपघातातील तरुणीची ओळख पटली. त्या मीच लिहिल्या. सत्काराला ती आलीच नव्हती, हे त्यात नव्हतं. मी ती ओळ घातली होती; संपादकांनी काढली. मी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्यानंतर नोकरीची दोन वर्षं उरली होती. कुठलाही अनोळखी जखमी किंवा मृत असला की मी त्याची उंची, कपडे, हातावरचं गोंदण, जे मिळेल ते बातमीत कोंबू लागलो. डेस्क वैतागत असे. सत्काराची बातमी आधी लिहिणं मी सोडलं. माझे सत्कार एक दिवस शिळे येत. लोक तक्रार करत. रोज पाच वाजले की मी वही काढून त्या दिवशी बातमीत न घेतलेलं पुन्हा वाचून काढी. निवृत्तीनंतरही पाचला नजर घड्याळाकडे जाते.

पुढच्या वर्षी कॉलेजने वैशालीचा राहिलेला सत्कार करायचं ठरवलं. ती तोवर जाधव सरांच्या हाताखाली कॉलेजच्या मुलींना सराव द्यायला लागली होती, काठी टेकून मैदानाच्या कडेला उभी राहून. रिंगखाली कोपरं कशी ठेवायची ते सांगताना काठी खाली टाकायची. त्या दिवशी चार वाजता डेस्कचा फोन आला, बातमी कुठे आहे. मी म्हणालो, झाल्यावर देतो. मग उद्या लागणार नाही, ते म्हणाले. मी बरं म्हटलं. पाचला तिचा फोन आला.

"सर, लिवली का बातमी?"

नाही, मी म्हणालो.

"न्हका लिवू. आधी मला येऊ द्या."

मी पहिल्या रांगेत बसलो. सहाला मंचावर पाच खुर्च्या होत्या, त्यातली एक रिकामी. ती रिकामी खुर्ची मी बारा मिनिटं पाहिली. प्रत्येक मिनिटाला मागच्या दाराकडे मान वळवत होतो, शेजारी बसलेल्या बापूंनी शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग काठीचा आवाज आला. ती मधल्या वाटेने वर गेली. पायऱ्या तीन होत्या, एकेक करत चढली. शाल मागच्या वर्षीचीच होती, जाधव सरांनी कपाटात जपून ठेवलेली. खांद्यावर पडल्यावर तिने ती चाचपून पाहिली, मग माईककडे न जाता मंचाच्या कडेला आली आणि माझ्याकडे पाहून, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या बेताने म्हणाली, "लिवा आता."

मी वही उघडून वेळ टाकली. सहा वाजून अठरा मिनिटं. पान पाचला सुटलं होतं.